पाऊस परततो तेव्हा

[दृश्य: साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणारी गाडी. काचेवर पाण्याचे ओघळ, मग एकदम लख्ख ऊन.]

भाद्रपद निम्मा सरलाय. खाली साताऱ्यात छत्री मिटावी की ठेवावी, याचा निर्णय होत नाही आणि वर घाटात तर प्रत्येक वळणाला वेगळं हवामान. शरदाची चाहूल सह्याद्रीत अशी लागते.

शरद म्हटलं की हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल-पिवळ्या पानांची झाडं छापतात. ती आपली नव्हेत. आपल्याकडे पानगळीला अजून तीन-चार महिने अवकाश आहे. इथे या दिवसांत जातं ते पाणी. आणि ते जायच्या आत ज्याला त्याला आपापलं काम उरकायचं असतं.

[दृश्य: कासचा सडा, म्हणजे कातळी पठार. दूरवर पांढरा पट्टा.]

कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटरवर. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचा थर, आणि त्यावर माती म्हणाल तर कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे अजिबातच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा सडा पाण्याखाली भिजत असतो. डिसेंबरात याल तर तापल्या तव्यासारखा कोरडा. मधल्या थोड्या आठवड्यांत रुजायचं, वाढायचं, फुलायचं, बी धरायचं. इथल्या रंगांमागे ही घाई आहे.

पहिला मान पांढऱ्याचा. जिथे पाणी साचून राहतं तिथे गेंद फुलतो. काडीवर बसवलेलं एक पांढरं बटण, एवढाच त्याचा थाट. पण अशी हजारो बटणं वाऱ्यावर डोलू लागली की अख्खा उतार हलल्यासारखा वाटतो. त्याच्याच पायाशी जांभळी निळाई दिसते, ती सीतेची आसवं. वनवासात सीतेच्या डोळ्यांतून पाणी पडलं, तिथे ही फुलं उगवली, असं सांगतात.

[दृश्य: अगदी जवळून. चिखल, त्यात केसासारखी मुळं.]

नाव करुण, पण वनस्पती शिकारी. चिखलात रुतलेल्या तिच्या बारीक तंतूंवर मोहरीपेक्षाही लहान पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी धडकला, की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झडप बंद. डोळ्याचं पातं लवायच्या आत. जांभ्याच्या या मातीत नायट्रोजनाची वानवा, म्हणून हा मांसाहार. शेजारीच दवबिंदू आहे. त्याच्या पानावरचे थेंब दवाचे वाटतात. एखादा डास तिथे टेकला, की मात्र उठत नाही.

पांढरा ओसरू लागला की तेरडा येतो आणि उतारच्या उतार गुलाबी होतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण माणसांच्या उत्साहाला लावतो. मला विचाराल तर तेरड्यावर तो अन्याय आहे. एकेक फूल अल्पायुषी खरं, पण झाड चांगलं दोन-तीन आठवडे फुलत राहतं. कोकणात तर गौरी तेरड्याच्या रोपांचीच आणतात.

[दृश्य: तेरड्याची फुगलेली हिरवी बोंडं. एका बोंडाला बोट लागतं. बी उडतं.]

हे पाहिलंत? पिकलेल्या बोंडाला नुसता धक्का लागला, तरी साल गुंडाळी होऊन फुटते आणि बिया हातभर लांब फेकल्या जातात. खेड्यातल्या पोरांचा हा जुना खेळ.

मग पिवळा. सोनकी पसरते आणि तिच्यासोबत कवळ्याची एक जात, जिला इथले वाटाडे मिकी माऊस म्हणतात. दोन गोल कान उभारल्यासारख्या पाकळ्या, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. याच कुळातल्या दुसऱ्या कवळ्याची ठाणे-रायगडात पावसाळी भाजी होते, हे सांगितलं की पर्यटक जरा खट्टू होतात.

युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आलं. त्यानंतर गर्दी अशी लोटली, की रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली. मध्यंतरी तारेचं कुंपणही आलं होतं. गुरं आत येईनात, तर गवत माजलं आणि ठेंगणी फुलं झाकली गेली, अशी तक्रार झाली. गुरं चरायची म्हणून फुलं दिसायची, हे आजूबाजूच्या गावांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना विचारलं कोणी?

[दृश्य: डबक्यावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर.]

डोक्यावर हे चतुर पाहा. पावसाळी डबक्यांत वाढलेली ही पिढी. डबकी आटणार, म्हणून यांच्यातले कितीतरी उत्तर-पूर्वेच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्राकडे निघतात. ऑक्टोबरात मालदीवमध्ये यांचे थवेच्या थवे उतरतात. तिथे यांच्या पिल्लांना पुरेल असं गोडं पाणी जवळपास नाहीच. तिथून पुढे आफ्रिकेचा पूर्व किनारा. वजन ग्रॅमच्या अंशात आणि वाट अख्ख्या समुद्राची!

[दृश्य: दरीतली भातखाचरं, पिवळी पडू लागलेली. आकाशात उभे ढग.]

मान्सून राजस्थानातून परतीला लागतो साधारण 17 सप्टेंबरच्या सुमारास. महाराष्ट्रातून निघायला त्याला ऑक्टोबर उजाडतो, आणि जाताना तो गुमान जात नाही. दिवसभर उकाडा, दुपारनंतर ढगांचे मनोरे, संध्याकाळी कडकडाट. हस्त नक्षत्रातला हा पाऊस, म्हणून त्याला हत्तीचा पाऊस म्हणायचं. 'पडेल हत्ती तर पडतील भिंती', असा त्याचा लौकिक.

कासच्या खाली, बामणोलीकडच्या खाचरांत भात आता लोंबीला आलाय. त्याला ऊन हवं. या दिवसांत जोराची सर आली की उभं पीक आडवं होतं, आणि आडव्या भाताला पाण्यात कोंब फुटतात.

याच साताऱ्याच्या पूर्वेला, माण-खटावात, नेमकं उलटं. जून-जुलैत तिथे ढग नुसते वरून निघून जातात. तिथला भरवसा या परतीच्या पावसावरच. एक बरी सर झाली, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, की शिवारात पेरणीची पाभर फिरू लागते. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला जातो तो याच ओलीवर. पुढे पाऊस नाही मिळाला, तरी थंडीच्या दवावर आणि काळ्या मातीत मुरलेल्या पाण्यावर तो तग धरतो. काढणीला येतो तोवर माघ-फाल्गुन उजाडलेला असतो, आणि वाळलेला कडबा पुढच्या उन्हाळ्याला गुरांपुढे पडतो.