नचिकेताचा प्रश्न आणि यमाची लाच

‘अमरत्व : विज्ञान आणि श्रद्धा’ असा विषय जाहीर झाला आहे. विज्ञानाकडे येतोच, पण आधी नचिकेताबद्दल बोलू द्या. कठोपनिषदातला हा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला आणि त्याने विचारलं, माणूस मेल्यावर उरतो की नाही? यमाने काय करावं? शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू माग, हत्ती-घोडे माग, हवं तितकं आयुष्य माग, पण मरणाचं तेवढं विचारू नकोस!

ही लाच आपण घरोघरी देतो. माझे मामा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. मी पाठीशी उशी सरकवत असताना म्हणाले, “मरताना काय होत असेल रे? भीती वाटते.” लगेच कुणीतरी म्हणालं, “भलतंसलतं बोलू नका, शंभरी गाठणार तुम्ही.” कुणाला गोळीची वेळ आठवली. एकाने जपमाळ हातात ठेवली, “नाव घ्या, बरं वाटेल.” मामा जन्मभर नाव घेत आलेले; मणी झिजून गुळगुळीत झाले होते. त्यांना ते सांगायची काय गरज होती? ती माळ त्यांना गप्प करण्यासाठी दिली गेली. मामांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्याचा राग आजही येतो.

नचिकेताने मात्र यमाला ऐकवलं, कितीही दिलंस तरी आयुष्य थोडकंच. तुझे घोडे तुलाच राहू देत. त्यानंतरच यम खरं बोलायला लागला.

चांगदेवांची कथा तर तुम्हाला पाठ आहे. चौदाशे वर्षांचे योगी. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयाने धाकटा म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, ठरेना. शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगूनही हा कोराच! हसलात, बरं वाटलं. त्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर देणारे ज्ञानेश्वर १२९६ साली, ऐन तारुण्यात समाधिस्थ झाले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भरभर सांगतो. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवून दिलं की प्रयोगशाळेत माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, आखूड होत जातात. न थांबणाऱ्या पेशीही आहेत. हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या शरीरातून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही वाढताहेत, पण त्या कर्करोगाच्या आहेत. म्हातारपण सुसह्य करणारं संशोधन जरूर व्हावं; शुद्ध शाबूत ठेवून नव्वदी आली तर कुणाला नको आहे? पण वर्षं वाढवणं वेगळं आणि ‘माझं पुढे काय?’ हे वेगळं. श्रद्धा या दुसऱ्या प्रश्नाशी झुंजते. भाविक माणसालाही मरणाची भीती वाटते, आणि तेवढ्याने त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. त्याला ती भीती आपल्यासमोर बोलता आली पाहिजे, माझं मागणं एवढंच आहे.

मोक्ष, पुनर्जन्म आणि स्वर्ग यांतला फरक सांगायचा राहिला. ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी मी खाली थांबतो.