माळव्यातले कॅनडावाले

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरच्या माणसाला ख्रिश्चन कॉलेजचा पत्ता सांगावा लागत नाही. किशोरकुमार तिथे शिकला हे तर आपण पाहुण्यांना न विचारता सांगतो. पण हे कॉलेज काढलं कोणी असं विचारलं, की दहापैकी नऊ जण म्हणतात, "इंग्रजांनी." तसं नाही. ते काढलं कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचा एक पंथ) चर्चच्या मिशनरींनी, आणि त्यात मोठा वाटा होता रेव्हरंड जॉन विल्की यांचा. इंग्रज रेसिडेन्सीत, म्हणजे संस्थानातल्या त्यांच्या सरकारी ठाण्यात, राहत आणि त्यांचं व्हाइट चर्चही वेगळं होतं. हे कॅनडावाले वेगळे. त्यांच्या धर्मावर आपल्याकडे बोलणं पुष्कळ झालं आहे. त्यांचा दिवस कसा जायचा, ते फिरायचे कसे, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

१८७७ साली रेव्हरंड डग्लस इंदूरला आले आणि रेव्हरंड फ्रेझर कॅम्पबेल महूला. मिस रॉजर आणि मिस फेअरवेदर या दोघी त्याआधी चार वर्षं उत्तर हिंदुस्थानात काम करत होत्या, त्याही इकडे आल्या. कॅनडाहून येणाऱ्याची वाट अशी: आगबोटीने अटलांटिक ओलांडून विलायत, तिथून दुसरी बोट, सुएझ कालव्यातून मुंबई, मग मोठ्या गाडीने खंडवा. खंडव्याहून पुढे होळकर स्टेट रेल्वेची छोटी लाइन, नर्मदा ओलांडून, काळाकुंड-पाताळपाणीचा घाट चढून वर माळव्यात. ही लाइन व्हावी म्हणून इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले होते. आता गंमत बघा. याच महाराजांच्या दरबाराने मिशनरींना शहरात उपदेश करायला मनाई केली. म्हणजे ज्याच्या पैशाच्या गाडीतून उतरले, त्यानेच वेशीवर अडवलं!

छावणीचा भाग रेसिडेन्सीच्या अमलाखाली होता, तेव्हा सुरुवातीचं बरंचसं काम तिथूनच चाललं. दरबारातले कारभारी बहुतेक दक्षिणी, म्हणजे आपलेच मराठी लोक. त्यांच्याशी अर्ज-विनंत्या, खुलासे, पुन्हा अर्ज, यात विल्की आणि मंडळींची वर्षं गेली. वरून हुकूम नाही, या उत्तराची सवय आपल्याला आहे. त्यांना ती करून घ्यावी लागली.

दिवस मुनशीपासून सुरू व्हायचा. नव्या माणसाला पहिली एक-दोन वर्षं भाषा शिकणं हेच काम, आणि तिची परीक्षा पास होईपर्यंत त्याला कोणी पुरतं धरत नसे. बाजारात हिंदी, खेड्यात माळवी, कचेरीत उर्दूचा अंमल, आणि वाड्यात शिरायचं तर मराठी. त्यानंतर शाळा, दवाखाना, हिशेब, गळणारं छप्पर, उकळून गार केलेलं पाणी. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकायचं आणि दुपारी पंख्याखाली बसून पत्रं लिहायची. घरच्या पत्राचं उत्तर यायला महिने लागत, त्यामुळे तिकडे कोणी आजारी असल्याचं कळेपर्यंत तो माणूस एक तर बरा झालेला असे किंवा गेलेला.

बायकांच्या दवाखान्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. १८८४ साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाची पदवी घेऊन डॉक्टर एलिझाबेथ बीटी इंदूरला आल्या. त्या विद्यापीठातून वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तीन बायकांपैकी त्या एक. १८८६ साली डॉक्टर मॅरियन ऑलिव्हर आल्या. ते साल आपल्याला दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली आणि तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई तिथे हजर होत्या. आनंदीबाई परत आल्या त्या आजारी होऊनच, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. अमेरिकेला गेलेली आपली मुलगी डॉक्टर झाली, पण आपल्याला लाभली नाही. इंदूरच्या वाड्यांतल्या बायकांची नाडी बघायला कॅनडाची बाई आली ती अशा काळात.

पुरुष डॉक्टरला आतल्या घरात मज्जाव. पडद्याआडची बाई आपलं दुखणं दिराला किंवा सासऱ्याला सांगणार, ते ओसरीवर येऊन वैद्याला सांगणार, आणि औषध मिळणार ते त्या सांगण्यावर. डॉक्टरीण आली आणि हा मधला माणूस गळाला. तरी बोलावणं यायचं ते सगळे उपाय थकल्यावर, बहुतेकदा अडलेल्या बाळंतिणीसाठी. पेशंट दगावली तर नाव डॉक्टरणीचं आणि वाचली तर पुण्याई देवाची. हे आजच्या डॉक्टरांनाही विचारून पाहा. १८९१ साली इंदुरात बायकांचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्याच वर्षी डॉक्टर मार्गारेट ओ'हारा आल्या, आणि पुढे त्यांनी धारला जाऊन तिथेच बरीच वर्षं काम केलं.

थंडी पडली की दौरा निघायचा. तंबूचे दोन संच ठेवत. एका तंबूत आज मुक्काम, दुसरा रात्रीच बैलगाडीवर पुढच्या गावी रवाना, म्हणजे सकाळी चालत पोचेपर्यंत डोक्यावर कापड आणि चुलीवर पाणी तयार. तंबू दिसला की आधी येणार ते डोळे आलेली पोरं, मग थंडीतापाचे रोगी, क्विनाइनसाठी. आणि मग नारूवाले. तरुण श्रोत्यांना नारू माहीत नसेल. बावडीत पायऱ्या उतरून पाणी भरायचं, त्याच पाण्यातून हा जंतू पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून बाहेर यायचा, दोरा निघावा तसा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली, तुटला, की पाय सुजलाच. यावर औषध ना गावच्या वैद्याकडे होतं ना मेमसाहेबाकडे. देश नारूमुक्त जाहीर व्हायला २००० साल उजाडावं लागलं.

रात्री चावडीपुढे पांढरी चादर ताणून जादूचा कंदील लावत. काचेच्या पट्टीवर रंगवलेली येशूची चित्रं, रॉकेलच्या दिव्यापुढे धरून मोठी केलेली. गर्दी लोटायची. त्यातले किती उपदेशाला आले आणि किती चित्र बघायला, हे सांगायला मोठ्या संशोधनाची गरज नाही.

छप्पनच्या सालाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणवणारा माळवा त्या वर्षी कोरडा पडला. भिलांच्या मुलखात तर हाहाकार झाला. अलीराजपूरकडच्या आमखुट इथे डॉक्टर बुकॅनन भिलांमध्ये काम करत होते. मिशनने अनाथ मुलं गोळा केली, त्यांना जेवू घातलं, महूजवळच्या रसलपुऱ्यात मुलांना हातचे धंदे शिकवले. ती मुलं ख्रिस्ती झाली. यावर आपल्याकडे दोन तट आहेत आणि दोघांचंही अर्धंच मला पटतं. मुलं मरत होती आणि यांनी वाचवली, हे खरं आहे. पण उपाशी पोराला "तुला कोणता धर्म हवा" असं कोणी विचारलं नाही, हेही खरंच. राहता राहिला प्रश्न असा, की त्या वेळी आपल्यातले किती जण त्या मुलांना घरी न्यायला तयार होते? हा प्रश्न मिशनला विचारायचा नसून आपल्या पणजोबांना विचारायचा आहे, म्हणून जरा अवघड जातो.

आता पैशाचं. १८७६ साली टोरांटोत या चर्चच्या बायकांनी आपली मिशनरी सोसायटी काढली. गावोगावच्या बायका दरमहा जमत, वर्गणी काढत, आणि त्यांच्यापुढे इकडून आलेली पत्रं वाचली जात. पत्र रंगलं तर वर्गणी वाढणार, हा सरळ हिशेब. म्हणून जी बाई रात्रभर बाळंतिणीच्या उशाशी बसली, तीच दुसऱ्या दिवशी लिहिते की इथे सगळा अंधार आहे, इथल्या बायकांना माया ठाऊक नाही. माझ्या मते ती ढोंगी नव्हती. निधीसाठी लिहिणारा माणूस आजही असंच लिहितो, संस्था कुठल्याही धर्माची असो. पण आपली पणजी तिथे कशी रंगवली गेली हे वाचताना राग येतो, आणि यावाही.

त्यांच्या घरच्यांची किंमतही कमी नव्हती. मुलं पाच-सात वर्षांची झाली की शिकायला दूर जायची, कोणी मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत, कोणी थेट कॅनडाला नातेवाइकांकडे. आईबापांना रजा मिळायची ती कित्येक वर्षांनी एकदा, आणि तोवर मुलगा आईला ओळखेलच असं नाही. मिशनरीची बायको शाळा चालवी, रोगी बघे, पाहुणे सांभाळी, पण पगारपत्रकात तिचं नाव नसे. आपल्या सासुरवाशिणींना यात नवीन काही वाटणार नाही.

पुढे १९२५ साली कॅनडात तिथली काही चर्चं एक होऊन युनायटेड चर्च झालं, आणि १९७० साली आपल्याकडेही तशीच काही चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आलं. परदेशी माणसं हळूहळू परतली. या मिशनचे जुने वार्षिक अहवाल मिळाले तर जरूर वाचा. फक्त प्रस्तावना सोडून द्या आणि आधी दवाखान्याचा तक्ता उघडा: किती रोगी, कुठल्या मोहल्ल्यातले, कशाने आजारी. तिथे देणगीदाराला खूश करायला फारसा वाव नसतो.

नमस्कार.