गीता कोणाच्या हातात होती?

धर्मग्रंथ आणि हिंसा असा विषय दिला की लोकांची एक अपेक्षा असते, ती म्हणजे वक्त्याने दुसऱ्यांच्या ग्रंथाबद्दल बोलावं. कुराणात अमुक लिहिलंय, बायबलात तमुक, टाळ्या पण मिळतात. मी आज आपल्या घरातल्याच पुस्तकाबद्दल बोलणार आहे, लाल कापडात बांधून देवघरात ठेवतो ना आपण, ते.

1897 चं पुणं डोळ्यासमोर आणा. प्लेगची साथ, बंदोबस्ताला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड, त्याचे सोल्जर घराघरात घुसून माणसं बाहेर काढतायत, देवघरात बूट घालून जातायत, सगळं शहर चिडलेलं. त्यात 12 जूनला शिवाजी उत्सव आणि तिथे टिळकांचं भाषण. प्रश्न काय, तर महाराजांनी अफझलखानाला मारलं त्यात पाप होतं का? टिळक म्हणाले त्याचा मथितार्थ असा की हे पीनल कोडातून बघू नका, गीतेच्या उंचीवर चढून बघा, फळाची आशा नसेल तर गुरू मारले, नातेवाईक मारले तरी दोष लागत नाही. केसरीत 15 तारखेला हे छापून आलं आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. आयर्स्ट नावाचा दुसरा एक अधिकारी बायकोबरोबर गाडीत बसलेला होता, तो तर जागीच गेला. दामोदर चापेकर फाशी गेले तेव्हा हातात गीता होती आणि ती टिळकांनीच दिलेली होती असं सांगतात.

आता भाषण ऐकलं आणि पिस्तूल उचललं असं मी म्हणत नाही हां. टिळकांना शिक्षा झाली ती राजद्रोहाची, खुनाची नाही. आणि चापेकरांचा राग प्लेगच्या त्या झडत्यांमधून आलेला, तो गीता नसती तरी आलाच असता. पण राग येणं वेगळं आणि मारल्यावर रात्री शांत झोप लागणं वेगळं, ही दुसरी सोय पुस्तक करतं असं मला वाटतं. अठराव्या अध्यायात सरळ लिहिलंय की ज्याला 'मी केलं' हा भाव नाही त्याने एवढे लोक मारले तरी तो मारत नाही. म्हणजे 'ग्रंथ बिचारा निर्दोष, लोकच चुकीचा अर्थ काढतात' हे जे आपण पटकन बोलून मोकळे होतो ना, ते मला पुरतं पटत नाही. दार तिथे आहेच. कोण त्यातून जातं हा पुढचा प्रश्न.

गांधीजींनी निदान प्रामाणिकपणे कबूल केलं. त्यांचं म्हणणं होतं की अक्षरशः बघितलं तर गीतेत युद्ध बसतं, हे मान्य, पण चाळीस वर्षं ते आचरणात आणायचा प्रयत्न केल्यावर कळलं की अहिंसेशिवाय फलत्याग पूर्ण होतच नाही. विनोबा तर अजून अवघड. 1932, धुळ्याचा जेल, दर रविवारी प्रवचन, साने गुरुजी लिहून घेतायत. अहिंसावाला माणूस अर्जुनाची बाजू घेईल असं वाटतं की नाही? ते म्हणतात, छे, अर्जुन कुठे अहिंसक झालाय, शेकडो लोकांना फाशी देणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा समोर उभा राहिल्यावर फाशी किती अमानुष हे सांगायला लागतो, तसं चाललंय त्याचं. मला हे वाचून पहिल्यांदा धक्का बसला होता.

आणि ज्ञानेश्वर? मूळ गीतेत दुष्टांचा विनाश करायला येईन असं वचन आहे. नऊ हजार ओव्या लिहून झाल्यावर हा माणूस देवाकडे काय मागतो, तर 'जे खळांची व्यंकटी सांडो', खळ राहू देत, वाकडेपणा जाऊ दे. लग्नात, शाळेत, सगळीकडे आपण पसायदान म्हणतो आणि ही ओळ तोंडपाठ असल्यामुळे ऐकूच येत नाही.

मग येतो नथुराम. लाल किल्ल्यातल्या कोर्टात 8 नोव्हेंबर 1948 ला त्याने जे निवेदन वाचलं त्यात रामाने रावण मारला, कृष्णाने कंस, अर्जुनाने तर पूज्य भीष्मांनाही मारलं, असे दाखले आहेत. ओळखीचं वाटतंय ना? गुरू, नातेवाईक, दोष नाही. फक्त ह्या वेळी समोर रँड नव्हता, रोज प्रार्थनेत गीता म्हणणारा 78 वर्षांचा म्हातारा होता. अंबाल्याच्या जेलमध्ये फाशी गेला तेव्हा नथुरामच्याही हातात गीता.

डॉ. आंबेडकरांनी गीतेवर लिहिलं, ते त्यांच्या हयातीत छापून आलं नाही, त्यात एक जबरदस्त टोमणा आहे. आत्मा मरत नाही हा बचाव घेऊन कृष्ण वकील म्हणून खुनाच्या खटल्यात उभा राहिला तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. मला ते वाचताना दरवेळी लाल किल्लाच दिसतो. तिथे न्यायाधीश कोण होते माहितीये का, आत्माचरण. मी जुळवून सांगत नाहीये, खरंच हेच नाव. 10 फेब्रुवारी 1949 ला त्यांनी फाशी सुनावली, पीनल कोडाप्रमाणे.