अमारोने: आधी सुकवा, मग गाळा

इटलीत वेरोना शहराच्या वायव्येला, लेसिनीच्या डोंगरउतारांवर आहे वाल्पोलिचेल्ला. अमारोने ही सुकवलेल्या द्राक्षांची वाइन इथलीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या स्थानिक द्राक्षवाणांची तोडणी चालते. हातानेच. फुटका मणी किंवा फार गच्च घड दिसला की तो बाजूला पडतो, कारण निवडलेल्या घडांना आता तीन-चार महिने टिकायचं आहे.

टिकायचं ते सुकवण्याच्या खोल्यांमध्ये. त्यांना फ्रुत्तायो म्हणतात. पूर्वी घड बोरूच्या तट्ट्यांवर मांडत. आता बहुतेक ठिकाणी उथळ क्रेट दिसतात. खिडक्या उघड्या, जोडीला पंखे. गरम हवा सोडून सुकवणं मात्र नियमात बसत नाही. तासगावच्या बेदाणा शेडची आठवण होईल, पण इथे बेदाणा होऊ द्यायचा नसतो. वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा थोडं जास्त घटलं, साखर दाटली, की गाळप. तेही 1 डिसेंबरच्या आत नाही; हवामानाने घात केला तरच सवलत.

पद्धत जुनीच. सहाव्या शतकात कासिओदोरुस या मंत्र्याने राजाच्या मेजासाठी वेरोनाकडची अशीच वाइन मागवल्याचं पत्र आहे. ती गोड होती. आजही साखर मागे ठेवली तर ती रेचोतो. साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवली, तर अमारोने: कडक, किमान 14 टक्के अल्कोहोलची. बाजारात यायला तिला निदान दोन वर्षं मुरावं लागतं आणि ती मोजायची तोडणीनंतरच्या 1 जानेवारीपासून. ‘रिझेर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकाराला चार.

पण खरा कस लागतो तो आकड्यांत. अमारोनेला दर चांगला मिळतो, मग सगळीच द्राक्षं सुकवावीत असं कोणाला वाटणार नाही? म्हणून नियम सांगतो: हेक्टरी जास्तीत जास्त 12 टन पीक, त्यातलं 65 टक्केच सुकवायला, आणि त्या ताज्या वजनाच्या 40 टक्क्यांहून जास्त वाइन काढायची नाही. हिशोब करा. हेक्टरी सुमारे 3,100 लिटर, संपलं. बाजारात माल तुंबायला लागला, तर उत्पादकांचा संघ 65 चा आकडाही खाली आणायला लावतो. 2010 मध्ये मिळालेला डीओसीजी हा इटलीतल्या वाइनचा सर्वोच्च दर्जा बाटलीच्या गळ्यावरच्या क्रमांकित पट्टीवर दिसतो. त्यामागची शिस्त ही अशी आहे.

गाळून उरलेला चोथाही वाया जात नाही. साधी वाल्पोलिचेल्ला वाइन त्यावर ओतून पुन्हा आंबवतात. तिचं नाव रिपास्सो. अमारोनेच्या रंगाचा आणि चवीचा थोडा अंश तिच्यात उतरतो, किंमत बरीच कमी. तिच्यावरही मर्यादा आहेच: ज्या चोथ्यावर ती बनली, त्यातून निघालेल्या वाइनच्या दुपटीहून जास्त नाही.