टाकळ्याचा अर्क कशात काढायचा?

टाकळा, ही आपली पावसाळी रानभाजी, कशी दिसते हे संगमेश्वर तालुक्यातल्या मंडळींना मी काय सांगणार? मृगाचा पाऊस झाला की बांधावर, कुंपणाला, एसटी स्टँडच्या मागे तो आपोआप उठतो. पण पुढच्या रांगेत मुंबईची मुलं दिसताहेत, म्हणून सांगतो. टाकळ्याला पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकं गोलसर, रात्री मिटणाऱ्या. टोकदार पर्णिकांच्या चार-पाच जोड्या असतील तर तो कासविंदा. त्याच्या बिया खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. तेव्हा खुडण्याआधी जोड्या मोजा.

विषय टाकळ्याच्या अर्काच्या अँटिऑक्सिडंट गुणांचा आहे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना थोपवण्याच्या ताकदीचा. येतो त्यावर. आधी एका पुडीबद्दल बोलू द्या, फार दिवस मनात खदखदतंय. एका प्रदर्शनात टाकळ्याच्या पानांची पावडर विकायला होती. पुडीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, ‘क जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी पटींनी अँटिऑक्सिडंट’. मी स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, बाबा, अर्क कशात काढला होता? त्यानं फाईल उघडली. मिथेनॉल! अहो, मिथेनॉल विषारी, त्यानं डोळे जातात. प्रयोगशाळेत ते वापरतात ते योग्यच आहे, पानांतली फेनॉल आणि फ्लेव्होनॉइड ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं त्यात चांगली उतरतात. पण तो आकडा पावडर गिळणाऱ्या माणसाच्या माथी कसा मारता? शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी दोन पुड्या घेतल्या, सुनेच्या बाळंतपणासाठी. मला राहवलं नाही, मी त्यांना थांबवलं. टाकळा रेचक आहे, बाळंतिणीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका म्हटलं. स्टॉलवाला चिडला. चिडू दे.

आमच्या बाजारातल्या मावशी केळीच्या सोपानं बांधलेली टाकळ्याची जुडी हातात देतात आणि बजावतात, ‘उकडून पानी टाकू नका हां.’ कांद्यावर परतायची, आठळ्या घालायच्या, वरून ओलं खोबरं. इथे कुणाकुणाकडे या पावसात झाली? वा, बरेच हात वर आले! उरलेल्यांनी उद्या बाजार गाठायचा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, आता भराभर सांगतो. ही ताकद मोजायची चाचणी अशी: डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घेतात, त्यात अर्क घालतात. अर्कानं हायड्रोजन दिला की जांभळा रंग पिवळटाकडे जातो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते मोजतात, निम्मा उतरवायला लागलेला अर्क जितका कमी, तितकी ताकद जास्त. एवढंच. हे सगळं नळीत घडतं. पोटात गेल्यावर फ्लेव्होनॉइड थोडेच शोषले जातात, आणि आतडं-यकृत त्यांचं रूप पालटून टाकतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं असल्याच आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला, कारण कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या आणि आरोग्याशी त्याचा मेळ बसत नव्हता.

माझं म्हणणं इतकंच, की आपण चुलीवर भाजी जशी करतो, तशा भाजीचा अर्क काढून तपासा. कॉलेजांमध्ये हा रंग मोजणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहेत, मुलं आहेत. एकाच झाडाची पानं घ्या. एक भाग कच्चा, एक उकडलेला, त्याचं पाणी वेगळं, एक तेलावर परतलेला, आणि तुलनेला मिथेनॉलचा. सगळे एकाच दिवशी तपासा. मावशींच्या त्या पाण्यात किती उतरलं ते कागदावर येईल. ज्यांना करायचंय त्यांनी मला लगेच भेटा, फुलोरा धरला की पानं जून होतात.