डबा सीलबंद, गेम अर्धा

[दृश्य : निपाणीतलं एक घर. नव्या व्हिडिओ गेमच्या डिस्कचं सील फोडणारे हात. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, सुरू होतो.]

डिस्क कोल्हापुरातून आणलेली, सील शाबूत, बिल खिशात. कन्सोलमध्ये घातली की पहिला संदेश येतो अपडेटचा. समजा, ४० जीबीचा.

हे ४० जीबी कुठून आले? डिस्क छापायला जाते ती विक्रीच्या कित्येक आठवडे आधी. त्या दिवशी गेम ज्या अवस्थेत असेल, तीच आवृत्ती डिस्कवर कोरली जाते. गेम बनवणाऱ्या स्टुडिओत काम चालूच राहतं आणि त्या दुरुस्त्या विक्रीच्या दिवशी पॅच म्हणून येतात. राहिलेली एखादी चूक सुधारण्यासाठी ही सोय फार चांगली. पण पॅच आहेच म्हणून आधी तारीख ठरवायची आणि उरलेलं काम ग्राहकाच्या घरी पाठवायचं, हे चुकीचं आहे.

[दृश्य : खानापूर तालुका, कणकुंबीचा रस्ता, धो धो पाऊस.]

जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या वस्तीवर केबलचं इंटरनेट नसेल, तर सगळी भिस्त फोनच्या हॉटस्पॉटवर. रोज २ जीबीचा पॅक धरला तरी ४० जीबीला २० दिवस लागतात. दीड जीबीचा असेल तर २७. आणि एवढे दिवस घरात त्या फोनवर दुसरं काही करायचं नाही. महिन्याभरात पुढचा पॅच आला, की पुन्हा तेच.

जागेचं गणित वेगळंच. गेमचा माल मोठमोठ्या फाइलींत बांधलेला असतो. पॅच ५ जीबीचा असला, तरी गेममधली ६० जीबीची फाइल नव्याने लिहावी लागली, तर तेवढी मोकळी जागा आधी लागते. म्हणून डाउनलोड छोटं असूनही ‘जागा अपुरी’ असा संदेश येतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे लिहिणं तासभरही चालतं.

खरं नुकसान मात्र उशिरा दिसतं. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परत आला. पीसीवर दुखणं निराळं होतं : सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला ते साठवणारी) ८ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची. भरपूर वस्तू गोळा करत पुष्कळ तास खेळणाऱ्याचीच फाइल एवढी वाढणार. म्हणजे जो मनापासून खेळला, त्याचाच खेळ पुसला गेला. डिसेंबरअखेर १.०६ आवृत्तीत ही मर्यादा निघाली, पण आधीच खराब झालेल्या फाइली परत आल्या नाहीत.

आता याच्याशेजारी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नियम ठेवा : खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ, तर रिफंड. हे घड्याळ गेम चालू झाला की पळू लागतं. पहिल्यांदा शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होताना पडद्यावर नुसती टक्केवारी सरकते, तो वेळही त्यात धरला जातो. तीस तासांनंतर उघड होणारा दोष या खिडकीत कधीच सापडत नाही.

अर्ली अ‍ॅक्सेसची, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला काढलेल्या गेमची, गोष्ट थोडी प्रामाणिक आहे, तिथे अपुरेपणा आधीच सांगितलेला असतो. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये असाच आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, पण २०२४ मध्ये स्टुडिओच बंद पडला. गेममध्ये आश्वासन दिलेल्या वसाहती आणि मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची सोय, आलेच नाहीत. तेव्हा आज पडद्यावर जे चालतंय, तेवढ्याचेच पैसे मोजा.

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच केलेली खरेदी, टाळा. डिजिटल प्रती संपत नाहीत, मग घाई कशाची? पहिल्या दिवशी घेणारा पूर्ण किंमत देऊन सर्वांत कच्ची आवृत्ती घेतो. सहा महिन्यांनी येणाऱ्याला तोच गेम दुरुस्त आणि बहुधा स्वस्त मिळतो. परीक्षण बघताना ते तुमच्याच कन्सोलवरचं आहे का, हे आधी तपासा. घेतल्यावर सेव्ह एकाच जागी न ठेवता तीन-चार जागी ठेवा.

[दृश्य : बेळगाव, जिल्हाधिकारी कार्यालयाचा परिसर.]

फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. तिथे सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे डिस्क कोल्हापुरात घेतली असली, तरी निपाणीच्या ग्राहकाला बेळगावात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची. सोबत बिल, जाहिरातीतल्या आश्वासनाचा स्क्रीनशॉट आणि बिघाडाचा व्हिडिओ द्या. व्हिडिओत मेनूच्या कोपऱ्यातला आवृत्ती क्रमांक दिसायलाच हवा, कारण पुढच्या पॅचनंतर तो बिघाड दाखवायला उरणार नाही.