उतरणीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

कापसाचा दुसरा वेचा झाला, तुरीला शेंगा धरल्या, की वऱ्हाडातल्या गाड्या परतवाड्याहून घाटाला लागतात. चिखलदरा, गाविलगड, आणि अकोटकडच्या मंडळींसाठी शहानूरवरून नरनाळा किल्ला. सातपुड्याच्या या डोंगरांत पायी फिरणं आणि रात्रीचा मुक्काम, याबद्दल आज बोलू.

तयारी सगळे चढाची करतात. पण चढताना दमलेला माणूस बसून घेतो; पडतो तो उतरताना. तेव्हा मांड्या थकलेल्या असतात, पाणी संपत आलेलं असतं आणि उजेडही कमी झालेला असतो. म्हणून दिवसाचा हिशेब शेवटापासून मांडा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं. पाचला गाडीजवळ पोचायचं ठरवा, तिथून मागे मोजत या. वाटेला ताशी ३ किलोमीटर धरा, चढाच्या दर ३०० मीटरला अर्धा तास वेगळा, आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ. शिवाय एक तास राखीव ठेवा. परत फिरायची वेळ निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. माथा समोर दिसायला लागला की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

पाय घसरतो त्याला कारण आहे. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टचा. तो झिजून मुरूम होतो, आणि घट्ट खडकावरचा सुटा मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखालून गडगडतो. त्यात हिवाळा सरताना साग पान टाकतो. ताटाएवढी वाळकी पानं एकावर एक पडतात. खालचा गोटा दिसत नाही आणि पानावरून पान सरकतं. अशा जागी टाच रोवू नका. गुडघा किंचित वाकवा, पाऊल आखूड टाका, तळवा पूर्ण टेकवा. काठी आधी खाली टेकवायची, मग पाऊल. उतरायला लागण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळ पुन्हा आवळा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पायाची नखं आदल्या दिवशीच कापा.

पाणी माणशी ३ लिटर, तेही हिवाळ्यात. मार्चपासून ५ लिटर लागतं, आणि तेव्हा दुपारचा चढ करूच नये. १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा, अशी एक बाटली प्रत्येकानं वेगळी ठेवावी. गडावरच्या तलावाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका.

आता ज्याच्यासाठी एवढी धडपड, त्या माथ्यावरच्या देखाव्याचं. गाविलगडाच्या दक्षिण कड्यावरून पूर्णेच्या खोऱ्याचं सपाट वऱ्हाड खाली पसरलेलं असतं. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी हा गड घेतला. त्यासाठी त्यांनी जड तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेकडे नेल्या होत्या. दक्षिणेकडून का नाही, ते या कड्याशी उभं राहिलं की कळतं. पण सूर्योदयाला इथे पोचण्यासाठी अंधारात वाट तुडवू नका. हिवाळ्यात रात्रीची थंड हवा मैदानावर साचते, धूर आणि धुकं तिच्यातच अडकतं, आणि सकाळी सातला खाली नुसतं पांढरं दिसतं. ऊन चढलं की ते विरतं. साधारण दहाच्या पुढे शेतं, रस्ते, गावं वेगळी ओळखू येतात. सगळ्यात लांबचं दिसतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण हवेतली धूळ धुऊन गेलेली असते. वैराटचा माथा याहून उंच, ११७८ मीटर. मात्र तिथे वनखात्याच्या परवानगीनंच जायचं.

मुक्कामाचंही तसंच. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याचं विश्रामगृह आधी नोंदवा, किंवा चिखलदऱ्याच्या वस्तीत जागामालकाला विचारून तंबू लावा. जागा सखल नको, कारण थंडी पाण्यासारखी खोलगटात उतरते. आजूबाजूपेक्षा उंच जागा बघा. कड्याची धार आणि वाळकं झाड, दोन्ही टाळा. मुरमात खुंटी धरत नाही, तेव्हा दोरी मोठ्या गोट्याला बांधा. थंडी वरच्यापेक्षा खालून जास्त लागते. दोन चादरी असतील तर एक अंगाखाली घाला, आणि तिच्याखाली ताडपत्री व तणस. पहाटे तंबू आतून ओला होतो तो गळतीनं नाही, आपल्याच श्वासाच्या वाफेनं. दोन्ही टोकांना वीतभर फट उघडी ठेवा.

शेकोटी जंगलात नाहीच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, तेव्हा तर विडीसुद्धा नको. गडाच्या कमानींना आणि कड्यांना आग्या मोहोळ असतात. धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर दुपट्ट्यानं तोंड झाकून शक्य तितक्या लांब निघून जा, झटकत बसू नका. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वल झाडाखाली असतं, म्हणून वळणावर बोलत, काठी आपटत चला.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणानं अंघोळ करा आणि काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा नीट पाहा. पावसाळ्यापासून थंडी सुरू होईपर्यंत गवतातला बारीक कीडा चावून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. चावल्याचं कळतही नाही. कधी कधी तिथे विडीच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, डोकं ठणकलं, तर दवाखान्यात गेल्याबरोबर सांगा की डोंगरात, गवतात फिरून आलो आहे, आणि खपली असेल तर ती दाखवा. वेळेवर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी हा ताप उतरतो.

नमस्कार.